पिस्तूल एका हातात की दोन?

रायफल क्लबात नवख्याला पिस्तूल एकाच हातात धरायला लावतात आणि दुसरा हात खिशात घालायला सांगतात. सिनेमात दोन्ही हातांची पकड पाहून आलेला मुलगा इथेच बुचकळ्यात पडतो.

एकहाती पकड जुनी आहे. घोडेस्वाराच्या डाव्या हातात लगाम असे, तर द्वंद्वात माणूस प्रतिस्पर्ध्याला कमीत कमी दिसावा म्हणून आडवा उभा राही. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकपासून पिस्तूल खेळात आहे आणि आजही नियम एकच हात मागतो. मनगटाला आधार चालत नाही. १० मीटर एअर पिस्तुलाला झटका जवळजवळ नसतोच, त्यामुळे दुसऱ्या हाताचे कामही नाही. वजन जास्तीत जास्त दीड किलो, ट्रिगर ओढायला लागणारा जोर किमान ५०० ग्रॅमचा. कौशल्य आहे ते लाकडी मूठ दरवेळी तंतोतंत त्याच जागी बसवण्याचे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात जिंकलेले सुवर्ण याच एकहाती परंपरेतले.

दोन हातांची वाट कॅलिफोर्नियातून रुळली. तिथे नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर भरवत असलेल्या स्पर्धांत जॅक वीव्हर या पोलीस अधिकाऱ्याने १९५०च्या दशकाअखेर दोन्ही हातांनी, नेम धरून गोळ्या झाडल्या आणि कंबरेपासून झटपट मारणारे मागे पडले. उजवा हात पुढे रेटतो, डावा मागे ओढतो, डावे कोपर वाकलेले: कूपरने हीच पद्धत शिकवली. १९८०च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनोस या अमेरिकी नेमबाजांनी दोन्ही हात सारखे लांबवून, छाती लक्ष्याकडे ठेवून सामने जिंकले. आजची पकड त्यांचीच.

त्यात मुख्य हात मुठीवर शक्य तितका उंच बसतो, कारण नळी हाताच्या जितकी वर, तितकी ती झटक्याने जास्त उसळते. मुठीवर उरलेली मोकळी जागा दुसऱ्या तळव्याने भरायची, अंगठे पुढे. नवखे दुसरा हात बशीसारखा खाली धरतात. मग तो झटका अडवतच नाही. अंगठा मागून आडवा टाकला, तर गोळी सुटताच मागे येणारी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो कापते. मनगट सैल पडले, तर स्लाइडला मागे सरकायला घट्ट टेकू मिळत नाही आणि पुढची गोळी अडकते. ट्रिगर ओढताना अख्खी मूठ आवळणाऱ्या उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी बहुधा डावीकडे खाली जाते. रिव्हॉल्व्हरवर मात्र अंगठे पुढे नेऊ नयेत: गोळ्यांचा फिरता सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीतून तापलेला वायू बाहेर पडतो.