सर्व्हे प्रोजेक्ट (संख्याशास्त्र)

कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्वतः प्रश्नावली बनवून, लोकांकडून उत्तरं गोळा करून आणि त्यावर वर्गात शिकलेल्या पद्धती लावून केलेला अभ्यास म्हणजे सर्व्हे प्रोजेक्ट. बहुतेक वेळा तो शेवटच्या वर्षाला, चार-पाच जणांच्या ग्रुपमध्ये आणि गाईडच्या देखरेखीखाली होतो. विषय, प्रश्नावली, डेटा, ग्राफ, चाचण्या, रिपोर्ट, व्हायवा (तोंडी परीक्षा) हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो, पण प्रोजेक्टची खरी किंमत ठरते ती कोणाला विचारलं आणि त्यांना कसं निवडलं यावर, म्हणून इथे त्याच बाजूवर जास्त लिहिलंय.

थोड्या लोकांना विचारून सगळ्यांबद्दल बोलायची ही पद्धत नक्की कोणाची, यावर एकमत नाही. काहीजण फ्रेंच गणितज्ञ लाप्लासपर्यंत मागे जातात, त्याने १८०२ च्या सुमारास फ्रान्समधल्या निवडक कम्यूनमधून (गाव-नगरांमधून) लोकसंख्या आणि जन्म यांचं गुणोत्तर काढून देशाच्या लोकसंख्येचा अंदाज केला होता. पण पद्धत म्हणून ती जाहीरपणे मांडली नॉर्वेचा संख्याशास्त्रज्ञ किएर याने, १८९५ मध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात, आणि तिथे तिला बराच विरोध झाला. किएरची निवड मात्र आजच्या अर्थाने रँडम (चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी) नव्हती, समाजाची छोटी प्रतिकृती जुळवायची असा त्याचा विचार होता. रँडम निवडीचा आग्रह इंग्लंडमध्ये संख्याशास्त्रज्ञ बाउलीने धरला आणि संख्याशास्त्रज्ञ नेमनच्या १९३४ च्या पेपरने, हेतुपूर्वक निवडलेल्या सॅम्पलपेक्षा (नमुन्यापेक्षा) रँडम निवड का भरवशाची, हे गणिताने दाखवलं. त्यामुळे जनकत्व कोणालाही दिलं तरी विद्यार्थी आज सॅम्पल किती घ्यायचं यासाठी जे सूत्र वापरतो त्याचा पाया नेमनजवळ शोधणं जास्त योग्य वाटतं. भारतात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाचे सॅम्पल सर्व्हे घेतले, मोठ्या सर्व्हेआधी छोटा पायलट (चाचणीपुरता सर्व्हे) घ्यायची शिस्तही त्या कामात पक्की झाली.

सॅम्पल किती घ्यायचं याचं उत्तर बहुतेक रिपोर्टमध्ये ३८४ असं येतं. हा आकडा येतो कुठून तर ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६, त्याचा वर्ग ३.८४१६, गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ (५ टक्के चुकीची मर्यादा) चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. काटेकोरपणे वर न्यायचं तर ३८५ व्हायला हवं. ०.५ घेतात कारण एखादं उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण आधी माहीत नसतं आणि तिथे लागणारं सॅम्पल सर्वात मोठं येतं. समष्टी (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे) छोटी असेल तर संख्या कमी होते, १००० विद्यार्थी असतील तर क्रेसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या टेबलात २७८ मिळतात, यामानेचं सोपं सूत्र २८६ देतं, कारण तिथे १.९६ ऐवजी सरळ २ धरलेत. कोणतंही एक घ्या पण कुठलं घेतलं ते लिहा. आणि मुख्य म्हणजे हे सगळं साध्या रँडम सॅम्पलसाठी आहे. गुगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकून आलेले ३८४ रिस्पॉन्स म्हणजे सोयीचं सॅम्पल, हाताशी आले तेवढेच लोक, त्याला ५ टक्के चुकीची मर्यादा लावता येत नाही.

नुसत्या संख्येने भागत नाही याचा नेहमी दिला जाणारा पुरावा १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीचा. लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, अंदाज रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन यांच्या बाजूने निघाला आणि रूझवेल्ट मोठ्या फरकाने जिंकले. पत्त्यांच्या याद्या टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या, म्हणजे सधन लोकांच्या होत्या हे कारण बरीच वर्षं सांगितलं गेलं, नंतरच्या अभ्यासांत मात्र उत्तर न देणाऱ्यांचा वाटा जास्त मोठा दिसतो आणि तेच जास्त पटतं. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टलाही नेमकं हेच लागू आहे, म्हणून किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं हे दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये हवेतच. हजेरीपटाच्या यादीतून रँडम नंबर काढून, वर्षवार थर पाडून प्रत्येक थरातून प्रमाणात मुलं घेणं हे कॉलेजात सहज जमण्यासारखं आहे, फक्त निवडलेल्या मुलाला दोन-तीनदा जाऊन गाठावं लागतं.

प्रश्नावलीत एका प्रश्नात दोन गोष्टी नकोत. ‘लायब्ररीची वेळ आणि पुस्तकं याबद्दल समाधानी आहात का’ याला वेळ आवडलेला पण पुस्तकं न आवडलेला मुलगा काय उत्तर देणार? वयाचा रकाना मोकळा सोडला तर कोणी २०, कोणी वीस, कोणी ‘२० पूर्ण’ लिहितं आणि एक्सेल त्यातली अक्षरांत लिहिलेली उत्तरं सरासरीतून गुपचूप वगळतं. पायलटला १५-२० जण घेतले तरी असल्या चुका बऱ्याचशा दिसतात.

लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्यांच्या (पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत अशा) मोजपट्टीची सरासरी काढावी का, हा वाद जुना आहे. स्टीव्हन्सच्या १९४६ च्या वर्गीकरणाप्रमाणे ती क्रमवार मापं (क्रम कळतो, पण पायऱ्यांमधलं अंतर सारखं धरता येत नाही), म्हणून मध्यक (ओळीत मधोमध येणारं उत्तर) आणि टक्केवारीच योग्य, तर दुसरा पक्ष म्हणतो की अनेक प्रश्नांची बेरीज केल्यावर सरासरी चालते. लिकर्टची मूळ पद्धतही बेरजेचीच होती, तेव्हा एकट्या प्रश्नाला मध्यक आणि बेरजेला सरासरी हा मार्ग बरा.

दोन गोष्टींचा संबंध आहे का हे पाहणारी काई-स्क्वेअर चाचणी लावताना अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर रकान्यात किती जण आले असते ती संख्या) ५ पेक्षा कमी असलेले रकाने जास्त असतील तर शेजारचे वर्ग एकत्र करतात, दोन बाय दोन टेबल असेल तर फिशरची चाचणी घेतात. व्हायवात तपासनीस बहुधा याच टेबलावर बोट ठेवतो.