जोड लावायची कुणी? फुटबॉलमधल्या पगारमर्यादेची पार्श्वभूमी

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत एक वाद ठरलेला असतो. कुणी बाहेरची किती पोरं आणली, आफ्रिकेतला स्ट्रायकर कुणाकडे गेला, कुणामागं कोणता नेता उभा आहे. परवा माझ्या मागच्या पायरीवर एक काका शेंगा फोडत म्हणाले, "कुस्तीत जोड बघून लावत्यात. हितं ज्याच्याकडं पैसा, त्येचीच जोड." शेजारच्या कॉलेजच्या पोरानं लगेच सुनावलं, "काका, युरोपात आता पगारावर लिमिट हाय. आपल्याकडं पण पाहिजे."

दोघंही निम्मे बरोबर होते. घोळ 'लिमिट' या शब्दात आहे. सगळ्यांना एकच आकडा ठरवून देणं वेगळं आणि 'ज्यानं त्यानं आपल्या कमाईच्या हिशेबात खर्च करावा' हे वेगळं. पहिल्यात जोड तोलामोलाची होण्याची शक्यता तरी असते. दुसऱ्यात फक्त कुणी कर्जबाजारी होऊ नये एवढंच पाहिलं जातं.

पहिल्या प्रकाराची मोठी परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. तिथल्या फुटबॉल असोसिएशननं १९०१ मध्ये नियम केला: आठवड्याला ४ पौंडांच्या वर कुणालाही पगार नाही. आकडा हळूहळू वाढत १९६१ पर्यंत २० पौंडांवर आला. जोडीला आणखी एक जाच होता. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच हातात राहायची आणि क्लबनं सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता यायचं नाही. टॉम फिनी हा प्रेस्टन क्लबचा विंगर, त्या काळातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, आणि पोटासाठी प्लंबिंगचा धंदाही करणारा. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मो क्लबनं त्याला नुसत्या सहीचे १०,००० पौंड, वर बंगला आणि गाडी देऊ केली. प्रेस्टननं नाही म्हटलं, विषय संपला. फिनी प्रेस्टनमध्येच राहिला.

आणि टेबलाखालून? ते तर चालणारच होतं. १९०६ मध्ये मँचेस्टर सिटीच्या १७ खेळाडूंवर बेकायदा पैसे घेतल्याबद्दल कारवाई झाली. १९५७ मध्ये सुंदरलँड हा क्लब त्याच गुन्ह्यात सापडला.

तरीही हे मान्य करावं लागतं की मैदानावर चुरस होती. १९४७ ते १९६० या १४ हंगामांत लीगचे ८ वेगवेगळे विजेते झाले. पोर्ट्समथनं लागोपाठ दोनदा लीग जिंकली. १९६० चा विजेता बर्नली म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. इचलकरंजीच्या संघानं मुंबईला मागं टाकून लीग मारावी, तसलाच प्रकार. पण या चुरशीची किंमत मालकांनी नाही, खेळाडूंनी मोजली. प्रेक्षक हजारोंनी येत, तिकिटाचा पैसा क्लबात जाई आणि गोल करणारा २० पौंडांवर.

खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांनी संपाची तयारी केली आणि जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा गेली. फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात कोर्टानं नोंदणी अडकवून ठेवण्याच्या पद्धतीलाही धक्का दिला.

मला इथली खरी गोष्ट पुढं दिसते. मर्यादा गेली म्हणून लहान क्लब लगेच संपले नाहीत. १९६२ मध्ये नुकताच वरच्या श्रेणीत आलेला इप्सविच विजेता झाला. १९७२ आणि १९७५ मध्ये डर्बी, १९७८ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट. कारण पगार मोकळे झाले तरी कमाई अजून वाटून घेतली जात होती. लीग सामन्याच्या तिकिटांतला काही वाटा पाहुण्या संघाला मिळायचा. १९८३ मध्ये ते बंद झालं आणि यजमान सगळा गल्ला ठेवू लागला. १९९२ मध्ये वरच्या क्लबांनी प्रीमियर लीग वेगळी काढली, ती टीव्हीचा पैसा आपल्याकडेच राहावा म्हणून. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या ३३ हंगामांत विजेते फक्त ७. पगाराची दोरी कापल्यानं जेवढं बिघडलं नाही, तेवढं गल्ला वाटणं थांबवल्यानं बिघडलं.

त्यातही १९९५ च्या बॉसमन निकालानं युरोपात करार संपलेला खेळाडू फुकट मोकळा झाला आणि पगारांना पंख फुटले. क्लब बुडू लागले. ज्या पोर्ट्समथनं दोनदा लीग मारली, तो २०१० मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभा होता. त्याच सुमारास युएफानं, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या संघटनेनं, 'फायनान्शियल फेअर प्ले' आणला. नावात 'फेअर' असलं तरी नियम दुसऱ्या प्रकारचा: जेवढं कमवाल तेवढंच उधळा. २०२२ च्या सुधारित नियमांत खेळाडूंवरचा खर्च टप्प्याटप्प्यानं कमाईच्या ७० टक्क्यांवर आणायचं ठरलं. १,००० कमावणाऱ्याला ७०० आणि १०० कमावणाऱ्याला ७०. टक्का सारखा, दरी जिथल्या तिथं. १९९५ मध्ये जॅक वॉकर या पोलादवाल्यानं स्वतःचा पैसा ओतून ब्लॅकबर्न क्लबला इंग्लंडचा विजेता केलं. आजच्या नियमांत तो रस्ता जवळपास बंद आहे. इंग्लंडमध्ये तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून २०२३-२४ च्या हंगामात गुण कापले गेले ते एव्हर्टन आणि फॉरेस्टचे.

मेस्सीचीच गंमत बघा. स्पेनच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबाला त्याच्या कमाईप्रमाणे खर्चाची मर्यादा आहे. त्या हिशेबात बार्सिलोनाला त्याची नोंदणी बसवता आली नाही आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो रडत बाहेर पडला. आमच्या पेठेतही त्या दिवशी चेहरे उतरले होते. तो पॅरिसला गेला, तिथून २०२३ मध्ये मायामीला. अमेरिकेच्या लीगमध्ये पहिल्यापासून सगळ्यांना एकच पगारमर्यादा, म्हणजे पहिला प्रकार. मग तो तिथं बसला कसा? २००७ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड बेकहॅमसाठी त्यात खिडकी ठेवली गेली: ठराविक खेळाडूंच्या पगाराचा थोडाच भाग मर्यादेत धरायचा. शिवाय तिथं तळाचा संघ खालच्या श्रेणीत घसरत नाही, त्यामुळे मालकांना एकमेकांत ठरवून घेणं सोपं जातं.

आपल्या इंडियन सुपर लीगनंही पगाराला कमाल मर्यादा घातली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकातून त्या लीगमध्ये पोचला. पण ती दुनिया आमच्या पेठांतल्या तालीम मंडळांच्या फुटबॉलपासून लांब आहे.

हे सगळं मी काकांना सांगत बसलो. त्यांनी टरफलं झटकली. "खासबागेत कुस्त्यांचं मैदान असलं की कुणाच्या कुस्तीला किती इनाम, ते पोस्टरवर छापत्यात. हितं कुठल्या पोराला किती दिलं, ते पानपट्टीवर कळतंय. कागदावर कुणी लिवलंय?" कॉलेजचं पोर म्हणालं, लिहायला लावायचं. तेवढ्यात रेफ्रीनं शिट्टी मारली आणि पाटाकडील तालमीच्या बाजूनं कुणीतरी फटाका फोडला.