मंडई ते पाताळेश्वर (पायी फेरी, पुणे)

पुण्याच्या जुन्या पेठांमधून निघून मुठा नदी ओलांडणारी, साधारण तीन किलोमीटरची फेरी. नुसते चालले तर तासभर पुरतो. थांबत, बघत, चहा घेत गेले तर अख्खी सकाळ जाते. फेरीचा क्रम ठरलेला नाही. इथे दिलेल्या क्रमाने गेल्यास माणूस काळात उलटा चालतो: एकोणिसाव्या शतकातून अठराव्यात आणि शेवटी आठव्यात.

सुरुवात महात्मा फुले मंडईपासून. भुयारी मेट्रोचे स्थानक आता तिच्या दारातच आहे. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा, भोवती आठ बाजूंना फाकलेली दालने आणि आत ओट्यांवर भाजीचे ढीग. भाद्रपदात इथे पत्री आणि केवडा मिळतो, मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी पाच फळांचे वाटे लागतात. ही इमारत होण्याआधी बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरे. १८८६ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा त्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले.

मंडईतून तुळशीबागेकडे वळायचा मोह आवरावा. तिथे शिरलेला माणूस पिशव्या घेऊनच बाहेर पडतो आणि फेरी तिथेच संपते. सरळ कसब्याकडे निघावे. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. त्याच पेठेतल्या तांबट आळीचा पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांचा आवाज आधी येतो. तयार भांड्यावर हातोडीचे एकसारखे, जवळजवळ ठोके मारत जाण्याला मठारणे म्हणतात. त्याने पत्रा कडक होतो आणि भांड्यावर चकाकणाऱ्या टिकल्यांची नक्षी उमटते. पूर्वी इथून हंडे, घंगाळी, बंब घरोघर जात. आज शोभेच्या वस्तूही बनतात.

पुढे शनिवारवाडा. पायाभरणी १० जानेवारी १७३०ची, बांधवणारे पहिले बाजीराव. १८२८च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, म्हणून तट, दिल्ली दरवाजा आणि जोती एवढेच बघायला उरले आहे. फार वेळ घालवू नये.

ओंकारेश्वराच्या पेशवेकालीन देवळापाशी वाट नदीला भिडते. उन्हाळ्यात इथली मुठा ओढ्याएवढी असते आणि वासही येतो, कारण स्वच्छ पाणी वर खडकवासल्याला अडलेले असते आणि खाली उतरते ते बरेचसे शहराचे सांडपाणी. तरी त्या उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे टोचत फिरतात, धोबी शेपटी हलवत दगडावरून दगडावर जातो, वर घारी घिरट्या घालतात. नदीपात्रात आता मेट्रोचे खांब उभे आहेत. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की थोड्या वरच्या अंगाचा भिडे पूल पाण्याखाली जातो. पुणेकर पावसाचा अंदाज त्यावरूनच बांधतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा याच नदीने काठच्या पेठा बुडवल्या.

बालगंधर्व रंगमंदिराजवळच्या पुलावरून पलीकडे गेले की जंगली महाराज रस्ता लागतो. तिथल्या जंगली महाराजांच्या मंदिराला लागूनच पाताळेश्वर आहे. आवार रस्त्याच्या पातळीखाली, अखंड कातळ खोदून केलेले. पायऱ्या उतरताना वाहनांचा गोंगाट हळूहळू मागे पडतो. लेणे राष्ट्रकूट काळातले मानले जाते. ७५८च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'पुण्यविषय' (विषय म्हणजे प्रांत) हा उल्लेख आहे, म्हणजे गावाचे नाव आणि हे लेणे एकाच शतकातले. अंगणातला नंदीमंडप गोल आहे, वरचा दगडी छत उघडलेल्या छत्रीसारखा. लेण्यांमध्ये अशी घडण क्वचितच दिसते. आतले काम मात्र पुरे झालेले नाही. चौकोनी, जाड, बिननक्षीचे खांब ओलांडून मागे गेले की भिंतीवर छिन्नीचे घाव तसेच राहिलेले दिसतात.