एनिमाचा डबा किती उंच टांगायचा?

एनिमा म्हणजे गुदद्वारातून पाणी आत सोडून पोट साफ करणं. त्यासाठीचा डबा दिसायला अगदी साधा. तळाशी तोटी असलेलं स्टीलचं किंवा एनॅमलचं भांडं, त्याला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला गुळगुळीत नोझल. गांधीजी नियमित एनिमा घेत, आणि १९४६ साली त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. त्या परंपरेमुळे हा डबा आपल्याकडच्या अनेक घरांना परिचयाचा आहे. उपकरण इतकं सोपं, की ते विकत तरी कशाला आणायचं, असं वाटतं. मग कुणी सलाइनची रिकामी बाटली वापरतं, कुणी संडासातला जेट, कुणी नळाला जोडलेला पाइप. आत काय सोडायचं तेही मनानेच ठरतं: साबणाचं पाणी, लिंबू, कॉफी. विषय लाजेचा, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नाही. म्हणूनच त्यावर उघडपणे लिहायला हवं.

सुरुवात शरीराच्या एका वैशिष्ट्यापासून करावी लागेल. गुदद्वाराजवळची त्वचा अतिशय संवेदनशील असते. पण साधारण दोन सेंटिमीटर आत गेलं की एक सीमारेषा लागते. तिच्या वरच्या अस्तराला ताण कळतो, कळ कळते, पण ओरखडा किंवा चटका त्वचेसारखा कळत नाही. मूळव्याधीच्या कोंबांना रबर बँड लावण्याचा उपचार भूल न देता करता येतो तो यामुळेच. बँड त्या सीमेच्या वर बसवलेला असतो. हाताला गरम लागलं की आपण तो झटकन मागे घेतो. गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, ती सोय नाही. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हा आपला नेहमीचा हिशोब तिथे चालत नाही. जे काम वेदनेने केलं असतं ते मोजमापाने करावं लागतं. किती उंची, किती पाणी, पाण्यात काय आणि ते किती गरम, हे सगळं आधी ठरलेलं असावं लागतं.

उंचीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाण्याचा दाब भांडं किती मोठं आहे यावर ठरत नाही, पाण्याची पातळी किती वर आहे यावर ठरतो. डबा लहान असो की बादलीएवढा, तो ४५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर खाली सुमारे ३३ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब येतो. हे एकक रक्तदाबाच्या यंत्रावर आपण पाहिलेलं असतं. रुग्णालयातली परिचारिका डबा पलंगापासून दीड-दोन फुटांपेक्षा वर चढवत नाही, ते याचसाठी. उंची एक मीटर केली की दाब ७३ च्या पुढे जातो. माणसाच्या आतड्यावर १९३१ साली दाबाचे प्रयोग झाले. त्यांत आतडं फाटायला सरासरी चार पाउंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे २१० मिलिमीटर पारा, इतका दाब पुरला. उंचीच्या भाषेत हा पाण्याचा पावणेतीन-तीन मीटरचा स्तंभ होतो, म्हणजे इमारतीचा जेमतेम एक मजला. आता गच्चीवरच्या टाकीचा आणि आपल्या न्हाणीघरातल्या जेटचा विचार करा. चौथ्या मजल्यावरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर येतं तेव्हा त्याच्यामागे चार मजल्यांचा दाब असतो. बाहेरच्या स्वच्छतेसाठी तो चालतो. पण ते तोंड आत घातलं, तर त्या दाबाला अडवायला मधे काहीच उरत नाही. कारखान्यात थट्टा म्हणून कॉम्प्रेसरची हवा सोडल्याने आतडं फाटलेले रुग्ण आपल्याकडच्या शल्यविशारदांनी पाहिले आहेत. तिथेही कारण हेच, फक्त दाब कितीतरी पट जास्त.

नोझलचंही तसंच. गुदमार्ग आधी बेंबीच्या दिशेने जातो आणि मग मागे माकडहाडाकडे वळतो. कडक, धारदार कडेची नळी सरळ रेटली तर ती गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर जाऊन आदळते. म्हाताऱ्या माणसांत ही भिंत आणखी नाजूक झालेली असते.

मग प्रश्न येतो पाण्याचा. मोठं आतडं ही नुसती कचऱ्याची नळी नव्हे. लहान आतड्यातून रोज सुमारे दीड लिटर द्रव तिथे येतो आणि त्यातला बहुतेक सगळा ते शोषून घेतं. त्यामुळे आत सोडलेलं पाणी पूर्ण बाहेर येईलच असं नाही. साधं पाणी वारंवार किंवा फार प्रमाणात दिलं तर ते रक्तात शोषलं जाऊन सोडियमची पातळी घसरते. गुंगी येते, झटके येऊ शकतात. लहान मुलांत हे फार लवकर घडतं. सलाइनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं ते हा तोल राखण्यासाठी. साबण मल मऊ करतो खरा, पण आतल्या अस्तराला जाळतो, आणि कधी कधी त्यातून आतड्याला गंभीर सूज येते. औषधाच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमाही निरुपद्रवी नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी इशारा दिला की २४ तासांत एकाहून जास्त मात्रा घेतल्यास मूत्रपिंड आणि हृदयाला गंभीर इजा होऊ शकते. वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना धोका अधिक.

‘पोटातली विषं बाहेर काढायला’ एनिमा घेणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साचलेल्या मलातून विष रक्तात जातं, अशी समजूत इतकी पक्की होती की लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच काढून टाकत. १९१९ मध्ये अमेरिकन डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी या कल्पनेवर शंका घेतली. १९२२ मध्ये डोनाल्डसन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या गुदाशयात कापूस भरून पाहिला. डोकेदुखी, मरगळ, चिडचिड, सगळी ‘विषबाधेची’ लक्षणं हजर! कापूस काढल्यावर ती लगेच गेली. कापसातून कुठलं विष येणार? त्रास होता तो गुदाशय ताणला गेल्याचा. एनिमानंतर वाटणारं हलकेपण खरंच असतं, पण ते ताण उतरल्याचं असतं.

कॉफीचा एनिमा माक्स गेर्सन या जर्मन डॉक्टरांनी कर्करोगाच्या उपचारात आणला. त्याने कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही. गरम कॉफीने गुदाशय भाजल्याच्या नोंदी मात्र आहेत, आणि १९८० मध्ये अमेरिकेत अशा एनिमांमुळे क्षारांचा तोल बिघडून झालेले दोन मृत्यू नोंदले गेले.

आपल्या आई-आजीच्या पिढीला प्रसूतीआधी सरसकट एनिमा दिला जाई. संसर्ग टळतो असं मानत. चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही, आणि ती प्रथा आता मागे पडली आहे.

याचा अर्थ एनिमा वाईट असा नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला दिवस सुरू करता येतो तो अनेकदा घरी घेतलेल्या एनिमामुळेच. मोठ्या आतड्याच्या दाहात औषध थेट दाहापर्यंत याच मार्गाने पोहोचवतात. कण्याला इजा झालेला तो माणूस घरीच एनिमा घेतो, पण पाण्याचं प्रमाण आणि नळीचा प्रकार ठरवून, परिचारिकेकडून शिकून. फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

एनिमानंतर पोटात न थांबणारी कळ, पोट कडक होणं, रक्त, ताप किंवा गुंगी, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे गेल्यावर काय वापरलं, किती वापरलं, केव्हा घेतलं, हे स्पष्ट सांगा. संकोचापायी रुग्ण नुसतं ‘पोट दुखतंय’ म्हणतो, डॉक्टर दुसरीच कारणं शोधत राहतात, आणि फाटलेल्या आतड्याच्या बाबतीत त्या काही तासांवरच पुढचं सगळं अवलंबून असतं.