गॅस बंद आहे ना? खात्री मागत राहणारा आजार

2003 साली नेदरलँड्समध्ये मार्सेल व्हान डेन हाऊट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांसमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गॅसची शेगडी ठेवली. बर्नर लावायचा, बंद करायचा, बंद झाला का ते तपासायचं, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा. दुसऱ्या गटाने तेवढ्याच वेळा पडद्यावरचे दिवे तपासले. शेवटी दोन्ही गटांना एकदा शेगडी तपासायला लावून विचारलं, आत्ता कोणते बर्नर तपासलेत? दोन्ही गटांची उत्तरं सारखीच बरोबर निघाली. पण शेगडी वारंवार तपासणाऱ्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडाला होता. आठवण अंधुक झाली होती, तपशील गळाले होते. नंतर खऱ्या स्वयंपाकघरातल्या खऱ्या शेगडीवर प्रयोग झाले, तेव्हाही हेच दिसलं. त्यातल्या एका प्रयोगात तर दहा वेळा तपासून व्हायच्या आतच हा परिणाम सुरू झाला.

या विद्यार्थ्यांपैकी कुणी आजारी म्हणून निवडलेलं नव्हतं. म्हणजे कुणाचीही स्मरणशक्ती धड ठेवून तिच्यावरचा विश्वास तेवढा पोखरता येतो, आणि त्यासाठी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासणं पुरतं. ‘मला नीट आठवत नाही म्हणून मी परत बघतो’ असं ओसीडी (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तो आजार) असलेली व्यक्ती सांगते तेव्हा ती खरंच सांगत असते. फक्त परत बघितल्यानेच आठवण विरत चाललेली असते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

ओसीडीचे दोन भाग असतात. पहिला, नको असताना डोक्यात घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. दुसरा, त्यातून उठणारी भीती किंवा किळस शमवण्यासाठी केलेली कृती. ती हात धुण्यासारखी दिसणारी असते, किंवा मनातल्या मनात आकडे मोजण्यासारखी कुणालाच न दिसणारी. या दोन्हींत रोज तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा कामधंदा, अभ्यास, घरातली नाती यांना धक्का लागत असेल, तर तो आजार मानून उपचार घ्यायला हवेत. डबे आकाराने लावून ठेवायची आवड असणं म्हणजे ओसीडी नव्हे. आवडीत समाधान असतं, इथे सुटका नसते. हप्ते, परीक्षा, आईचं दुखणं अशा खऱ्या गोष्टींची दिवसभर चालणारी काळजी हीसुद्धा वेगळी. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने 2013 साली ओसीडीला चिंताविकारांच्या गटातून काढून स्वतंत्र प्रकरण दिलं. तरी प्रत्यक्षात एकाच माणसात दोन्ही पुष्कळदा आढळतात.

घुसणाऱ्या विचारांबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. लोकलच्या दारात उभं असताना ‘उडी मारली तर?’, भाजी चिरताना शेजारी खेळणाऱ्या बाळाकडे बघून ‘ही सुरी लागली तर?’, आरती चालू असताना देवाबद्दल घाणेरडा शब्द: असे विचार बहुतेक सगळ्यांना येतात. 1978 मध्ये स्टॅनली राखमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी निरोगी माणसांचे आणि रुग्णांचे असे विचार गोळा केले, तेव्हा नुसता मजकूर वाचून कोणता कुणाचा हे ओळखणं तज्ज्ञांनाही अवघड गेलं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांपैकी सुमारे 94 टक्क्यांनी मागच्या तीन महिन्यांत असा किमान एक विचार आल्याचं सांगितलं. फरक पडतो तो पुढे. बहुतेकजण ‘काहीतरीच!’ म्हणतात आणि कोथिंबीर चिरायला घेतात. ओसीडीत मात्र विचार आला याचाच अर्थ लावला जातो: ‘माझ्या मनात असं आलं म्हणजे मी तशीच असणार.’ मग सुऱ्या कपाटात जातात आणि बाळाला अंघोळ घालायचं काम आजीकडे.

नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांत हे बरंच दिसतं आणि लाजेपोटी लपवलं जातं. ज्या विचाराने अंगावर काटा येतो, जो टाळण्यासाठी ती जिवाचं रान करते, तो तिच्या इच्छेच्या विरुद्ध असतो. ओसीडीतल्या अशा विचारामुळे बाळाला धोका आहे असं डॉक्टर मानत नाहीत. मात्र बाळंतिणीला आवाज ऐकू येऊ लागले, बाळाबद्दल विचित्र गोष्टींची पक्की खात्री वाटू लागली, झोप अजिबात उरली नाही, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं.

सुटका का मिळत नाही

गॅसचा नॉब परत बघितला की भीती काही मिनिटांत उतरते. या उतरण्यातच सगळी गोम आहे. मेंदू नोंद करतो: बघितलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती लवकर येते आणि एकदा बघणं पुरत नाही. मुंबईत आता सर्रास दिसणारी पळवाट म्हणजे निघताना मोबाइलवर नॉबचा फोटो काढणं. पहिले काही दिवस फोटो कामी येतो. मग ट्रेनमध्ये तो झूम करून बघणं सुरू होतं. मग ‘हा आजचाच ना?’ म्हणून वेळ तपासणं, मग फोटोऐवजी व्हिडिओ, आणि शेवटी घाटकोपरला उतरून परतीची गाडी.

हात धुण्याचंही तसंच. पाणी ठरावीक तासच येणाऱ्या घरात एकाने न्हाणीघर तासभर अडवलं की बाकीच्यांची अंघोळ, डबे, ऑफिस सगळं कोलमडतं आणि सकाळ भांडणाने सुरू होते. पावसाळ्यात तर भीतीला खरं कारणही मिळतं. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होऊ शकतो. अशा पाण्यातून आल्यावर पाय साबणाने एकदा स्वच्छ धुणं आणि पायाला जखम असेल तर डॉक्टरांना विचारणं, हे प्रत्येकाने करावं. त्यानंतरची दुसरी अंघोळ, चपला डेटॉलमध्ये बुडवणं, घरच्यांनाही दारातच कपडे बदलायला लावणं, हे लेप्टोसाठी नसतं.

विचार दाबून टाकण्याचा प्रयत्नही उलटतो. मनगटावर रबरबँड ओढायचा आणि ‘थांब’ म्हणायचं, हा सल्ला अजून कुठे कुठे दिला जातो. तो सोडून द्यावा. विचार आला का हे बघत बसलं, की त्या बघण्यानेच तो येतो.

उपचार म्हणून नेमकं काय करायचं

1966 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरच्या उपचारांचा अहवाल दिला. रुग्णांना भीती वाटणाऱ्या गोष्टींसमोर आणायचं आणि नेहमीची कृती करू द्यायची नाही, त्यासाठी नर्सने सोबत राहायचं, अशी पद्धत होती. आज तिला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. सक्ती गेली, रुग्णाच्या संमतीने पायरी पायरीने चालायचं ठरलं, पण गाभा तोच राहिला. साधारण 12 ते 20 सत्रं, प्रत्येक तास-दीड तासाचं, आणि मधल्या दिवसांत रोज घरचा सराव. सराव झाला नाही तर नुसत्या सत्रांनी फारसं हलत नाही.

सुरुवात वहीपासून. आठवडाभर काहीही न बदलता फक्त लिहायचं: वेळ, प्रसंग, डोक्यात आलेला विचार, त्यावर काय केलं, किती मिनिटं गेली. मग प्रत्येक प्रसंगाला 0 ते 100 मध्ये त्रासाचा आकडा द्यायचा आणि चढती शिडी लावायची. समजा, भांडुपला वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या एकाला गॅस तपासण्याचा त्रास आहे. घरात माणसं असताना चहा करून नॉब बंद करायचा, एकदाच बघायचं आणि स्वयंपाकघरातून बाहेर यायचं: 30. घरात कुणी नसताना तेच करून, दाराला कुलूप लावून सोसायटीच्या गेटपाशी पंधरा मिनिटं थांबायचं: 50. स्टेशनपर्यंत जायचं, कुलूप न ओढता: 65. फोटो न काढता, शेजारच्या काकूंना फोन न करता सीएसएमटीपर्यंत जायचं: 80. घर बंद करून रात्रीसाठी पुण्याला: 95. सुरुवात तीस-चाळीसच्या पायरीवर करावी. 95 वर उडी मारली तर माणूस मध्येच परत फिरतो आणि ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ एवढंच शिकतो.

प्रत्येक पायरीआधी एक वाक्य लिहायचं: काय होईल असं वाटतंय? ‘दहा मिनिटांत मला वेड लागेल’, ‘तपासल्याशिवाय मी कामच करू शकणार नाही’. परत आल्यावर खाली लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. भीती शून्यावर यायची वाट बघायची नाही. ती असतानाही ऑफिसचं काम झालं, हे मेंदूला कळणं जास्त मोलाचं. आणि मन ‘नक्की बंद आहे ना?’ असं विचारेल तेव्हा उत्तर द्यायचं, ‘असेलही, नसेलही.’ हे वाक्य सुरुवातीला फार जड जातं. पण खरा सराव याच वाक्याचा आहे, कारण खात्रीशिवाय दिवस काढायला शिकायचं आहे.

धुण्याच्या बाबतीत आधी नियम ठरवावा: जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर साबण एकदा, 20 सेकंद, संपलं. मग लोकलची दांडी किंवा लिफ्टचं बटण धरून आल्यावर न धुता बसायचं. लगेच जमत नसेल तर धुणं पाच मिनिटं पुढे ढकलायचं, मग दहा, मग वीस. पुढची पायरी पुष्कळजण गाळतात: तोच हात उशीला, कपाटाला, स्वतःच्या ‘स्वच्छ’ कोपऱ्याला लावायचा. घरात एक जरी सोवळी जागा शिल्लक राहिली तरी आजार तिथे दबा धरून बसतो. चुकून धुतलेच हात, तर स्वतःला दोष न देता दांडी पुन्हा धरायची आणि पुढे चालायचं.

सराव फसतो तो बहुधा लपलेल्या कृतींमुळे. हात धुतले नाहीत पण खिशातलं सॅनिटायझर लावलं. गॅस बघितला नाही पण बंद करतानाचं दृश्य मनात दहादा फिरवलं. सराव चालू असताना भीती घालवण्यासाठी दीर्घ श्वास घेत राहिलं किंवा नामजप केला. श्रद्धेने केलेला जप वेगळा. पण एक माळ चुकली म्हणून पहिल्यापासून अकरा माळा करायला लावणारा जप कृतीच्या यादीत लिहावा. गुगलवर लक्षणं शोधणं किंवा मोबाइलमधल्या चॅटबॉटला तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारणं, हीसुद्धा तपासणीच.

घरच्यांचं काम सगळ्यात अवघड आहे. ‘आई, मी नीट धुतले ना हात?’ यावर ‘हो गं बाळा’ म्हणणारी आई मायेनेच म्हणते, आणि नेमकं तेच उत्तर आजाराला पोसतं. एका रात्रीत सगळं बंद करू नये. तसं केलं की घरात फक्त आरडाओरडा होतो. सगळे शांत असताना एकत्र बसून एकच गोष्ट निवडावी: दिवसाला वीसदा विचारला जाणारा प्रश्न या आठवड्यात दहादा, पुढच्या आठवड्यात पाचदा. उत्तर द्यायचं नाही तेव्हा म्हणावं, ‘तुला किती त्रास होतोय ते दिसतंय मला. पण आपलं ठरलंय ना, याचं उत्तर आता द्यायचं नाही.’ एवढं म्हणून जवळ बसून राहावं. टोमणे, ‘नाटकं पुरे झाली’, नळ बंद करून टाकणं, यांनी कुणी बरं होत नाही.

औषधं

1992 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी मेंदूची क्रिया दाखवणारा पेट स्कॅन करून पाहिलं. काही रुग्णांना फ्लुऑक्सेटिन हे औषध दिलं होतं, काहींना फक्त वर्तनोपचार, म्हणजे वर सांगितला तसा सराव. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतल्या उजव्या कॉडेट या भागाची जादा चाललेली क्रिया उतरली होती. गोळी आणि सराव यांत खरं-खोटं, भक्कम-दुबळं असं काही नाही. मध्यम ते तीव्र आजारात दोन्ही एकत्र दिले जातात.

औषधाबाबत निराशा येते ती घाईने. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन, एस्सिटालोप्रॅम यांना ओसीडीत 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात, आणि डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो. सर्ट्रालिन 200 मिलिग्रॅमपर्यंत, फ्लुऑक्सेटिन 60 ते 80 पर्यंत, तेही डॉक्टरांनी हळूहळू वाढवत नेलेलं. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, बेचैनी, झोपेत बिघाड होतो आणि बहुधा ओसरतो. लैंगिक इच्छा कमी होणं मात्र टिकू शकतं. ते डॉक्टरांना न लाजता सांगावं, त्यावर उपाय असतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम सोडल्या तर चक्कर आणि डोक्यात झटके जाणवतात. गुण आल्यावर निदान एक-दोन वर्षं चालू ठेवतात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या तात्पुरत्या शांत करतात, त्यांची सवय लागते आणि त्यांनी ओसीडी बरा होत नाही.

मुंबईत परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जे. जे. आणि विलेपार्ल्याचं कूपर, या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. थोड्या पैशांत केसपेपर निघतो. गर्दी असते, म्हणून वहीतल्या नोंदींवरून एक पान लिहून न्यावं: कोणते विचार, कोणत्या कृती, रोज किती वेळ, कधीपासून. दोन मिनिटांत डॉक्टरांना चित्र कळतं. खासगी समुपदेशकाकडे जाणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा, ‘तुम्ही ईआरपी करता का, आणि सत्रांमधल्या दिवसांत मला काय करायला द्याल?’ नुसत्या गप्पा आणि धीर देणं यावर भर असेल, तर तो धीर खात्री मागण्याचाच नवा मार्ग होऊन बसतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 वर मराठीतही बोलते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोग्यविम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखीच वागणूक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. तेव्हा पॉलिसी काढून वाचा.

ओसीडी असलेल्या माणसाला नैराश्य येऊन खरंच जीव नकोसा वाटू शकतो. नको असलेल्या विचाराची भीती वेगळी आणि मरावंसं वाटणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत शिडी, वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि त्या व्यक्तीला एकटं सोडू नये.

बरं वाटल्यावरही वही टाकून देऊ नका. परीक्षा, बाळंतपण, नोकरी बदलणं, घरातलं आजारपण अशा काळात आजार पुन्हा डोकं वर काढतो. लागोपाठ दोन आठवडे रोजची मिनिटं वाढताना दिसली, तर खालच्या पायऱ्या पुन्हा सुरू करायच्या आणि डॉक्टरांची पुढची तारीख अलीकडे घ्यायची.