प्रॉमची संध्याकाळ: एक चेहरा, तीन उजेड

अमेरिकेतल्या हायस्कूलांमध्ये एप्रिल ते जूनच्या दरम्यान प्रॉम असते. शाळा संपत आलेल्या मुलामुलींची ही नटून-थटून नाचण्याची रात्र. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रिमॉन्टमधल्या मराठी घरांतही त्या आठवड्यात गाऊन, केस आणि मेकअप यांवाचून दुसरा विषय नसतो. बहुतेक मुलींचं मागणं एकच: मेकअप केलाय असं वाटू नये, पण फोटोत चेहरा खुलून दिसावा.

ऐकायला सोपं, करायला अवघड. कारण त्या एका संध्याकाळी चेहरा तीन निरनिराळ्या उजेडांत पाहिला जातो. पाच-सहा वाजता घराबाहेर हिरवळीवर फोटो निघतात. न्यू जर्सीत मेअखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे हा उजेड लख्ख, पण कलता. मग हॉलच्या दारात कॅमेऱ्याचा फ्लॅश. त्यानंतर तीन-चार तास अंधुक, रंगीत दिवे. एका उजेडात बेमालूम वाटलेला थर दुसऱ्यात उघडा पडतो.

त्वचेवर पडलेल्या उजेडाचा जेमतेम ४ ते ७ टक्के भाग वरच्यावर परततो. तो दिव्याच्याच रंगाचा असतो. नाकाच्या शेंड्यावर चकाकी दिसते ती याची. बाकीचा आत शिरतो. तिथे मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्यातला काही शोषून घेतात आणि उरलेला इकडेतिकडे विखरत पुन्हा बाहेर येतो. गोरा, गव्हाळ, सावळा हे सगळे रंग या आत जाऊन आलेल्या उजेडाचे. त्वचा जिवंत वाटते तीही त्याच्यामुळेच. फाउंडेशनचा जाड थर ही ये-जा बंद पाडतो आणि चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा सपाट दिसू लागतो. ‘नॅचरल लुक’ म्हणजे ही ये-जा शक्य तेवढी चालू ठेवायची.

थोडं गणित करू. चेहऱ्याचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर धरलं आणि त्यावर ०.३ मिलिलिटर, म्हणजे लहानशा वाटाण्याएवढं, फाउंडेशन सारखं पसरलं, तर थर होतो १० मायक्रॉनचा. त्यातला पाण्याचा किंवा उडून जाणाऱ्या सिलिकोनचा भाग वाळला की त्याहूनही पातळ. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज यावा. एवढा थर पुरतो. यातूनच दुसरी गोष्ट कळते: फाउंडेशनवर ‘एसपीएफ ३०’ छापलेलं असलं तरी त्यावर विसंबता येत नाही. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो, म्हणजे त्याच चेहऱ्याला ६०० मिलिग्रॅम. आपण लावतो ते याच्या निम्मंच. सनस्क्रीन वेगळं लावायचं, मेकअपच्या १५-२० मिनिटं आधी.

फाउंडेशनमधला रंग चार भुकट्यांचा असतो: पांढरा टायटॅनियम डायऑक्साईड आणि लाल, पिवळे, काळे आयर्न ऑक्साईड. यातला टायटॅनियम डायऑक्साईड सगळ्यात दांडगा. त्याचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो याचं माप) २.५ ते २.७, तर भोवतालच्या तेलाचा १.४-१.५, या मोठ्या फरकामुळे तो उजेड जोरात विखुरतो आणि खालचं सगळं झाकतो. गोऱ्या कातडीवर ते खपून जातं. सावळ्या कातडीवर मात्र हाच पांढरा कण राखाडी झाक आणतो, चेहऱ्यावर पिठाचा हात फिरल्यासारखी. वर्षानुवर्षं अनेक कंपन्या गडद छटा बनवतच नसत, किंवा फिकट छटेत थोडा काळा रंग घालून वेळ मारून नेत. २०१७ मध्ये फेंटी ब्युटीने एकदम ४० छटा आणल्या आणि मग बाकीच्यांनाही हलावं लागलं. आपल्या रंगाच्या मुलींनी राखाडी झाक दिसली की आणखी थर चढवू नये. छटा बदलावी, पिवळसर किंवा सोनेरी झाकेची, अर्ध्या पायरीने गडद छटा बहुतेक वेळा बरोबर बसते.

छटा तपासायची जागा हाताची मागची बाजू नव्हे, तर जबड्याची कड, कारण चेहरा जुळवायचा असतो तो मानेशी. गाऊनचा गळा खोल असेल तर छातीचा रंगही पाहावा. जबड्याच्या कडेवर दोन-तीन छटांच्या उभ्या रेघा ओढायच्या, २० मिनिटं थांबायचं आणि खिडकीशी उभं राहून बघायचं. बाथरूमचे पिवळट दिवे इथे फसवतात: उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. दिवसाचा उजेड ५५०० ते ६५०० केल्विनचा, तो पिवळा दिवा २७०० च्या आसपास.

२० मिनिटं थांबायचं ते कशासाठी? लावताना जुळलेली छटा थोड्या वेळाने गडद किंवा नारिंगी होते, आणि सगळे म्हणतात, ‘फाउंडेशन ऑक्सिडाईझ झालं.’ पण लाल आणि पिवळे आयर्न ऑक्साईड आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेले असतात. गंजाला आणखी काय गंज चढणार! खरं कारण साधं आहे. पातळ करणारा द्रव उडून गेला की रंगाचे कण दाट होतात, आणि त्वचेतून झिरपणारं तेल त्या कणांना भिजवतं. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद दिसते, तसंच हे. वयात येताना संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जोरात असतात, आणि कपाळ, नाक, हनुवटी या पट्ट्यात त्या सर्वांत दाट. सोळा-सतराव्या वर्षी रंग बदलणार तो तिथेच जास्त.

पण त्या दिवशीच्या निम्म्या घोटाळ्यांचं मूळ आदल्या आठवड्यात असतं. अमेरिकेत अ‍ॅडापलीन हे मुरमांचं औषध २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यामुळे बऱ्याच मुली ते रोज लावतात. त्याने त्वचेचे पापुद्रे निघतात आणि फाउंडेशन नेमकं त्या पापुद्र्यांना धरून बसतं. त्याहून वाईट म्हणजे अशा त्वचेवर वरच्या ओठाचं वॅक्सिंग केलं तर मेणाबरोबर कातडीही सोलून येते. म्हणून वॅक्सिंग टाळायचं, थ्रेडिंग दोन-तीन दिवस आधी उरकायचं, आणि फेशियल, ब्लीच किंवा नवं अ‍ॅसिड सीरम त्या आठवड्यात चेहऱ्याजवळ येऊ द्यायचं नाही. नव्या वस्तूची, विशेषतः खोट्या पापण्यांच्या गोंदाची, चाचणी कोपराच्या आतल्या बाजूला ४८ तास आधी घ्यायची. त्यातल्या लॅटेक्सची काहींना अ‍ॅलर्जी असते. बेन्झॉइल पेरॉक्साईड हे मुरमांचं दुसरं औषध वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ते कापडाचा रंग उडवतं. मानेला, पाठीला लावून गर्द निळा गाऊन घातला तर त्यावर नारिंगी डाग पडतील, आणि ते धुऊन जात नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. तोंड धुऊन चेहरा ओलसर असतानाच हलकं मॉइश्चरायझर, पाच मिनिटांनी सनस्क्रीन, मग थांबायचं. घाई केली की बोटाखाली खोडरबराच्या चुऱ्यासारख्या गोळ्या सुटतात. क्रीम आणि जेलमधले पॉलिमर वाळून पातळ पापुद्रा बनतो. तो पक्का व्हायच्या आत वरून घासलं तर गुंडाळून निघतो. खाली पाण्याचं जेल आणि वर सिलिकोनचं फाउंडेशन असेल तर हे हमखास होतं, कारण दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. उपाय दोनच: थर कमी ठेवायचे आणि घासण्याऐवजी थापायचं.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर फिकट कन्सीलर (डाग झाकायचं प्रसाधन) लावायचा मोह होतो. पापणीभोवतीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. खालच्या शिरा आणि साठलेलं मेलॅनिन यांमुळे तिथे निळसर-तपकिरी छाया पडते. त्यावर फिकट रंग टाकला की राखाडी होते. तिथे कमतरता असते लाल-पिवळ्या उजेडाची, म्हणून आधी ती भरायची: गव्हाळ रंगाला पीच, सावळ्याला नारिंगी करेक्टर, तांदळाच्या दाण्याएवढा, अनामिकेने थापून. मग वर त्वचेच्याच छटेचा कन्सीलर, अगदी पुसट. करेक्टर नीट बसला तर कन्सीलर निम्मा लागतो.

मग फाउंडेशन. स्पंज ओला करून टॉवेलात घट्ट पिळायचा. कोरडा स्पंज निम्मं फाउंडेशन स्वतःच पितो. वाटाण्याएवढा थेंब नाकाच्या दोन्ही बाजूंपासून सुरू करून कडेकडे विरवत न्यायचा. गालाची बाहेरची बाजू आणि कपाळाची कड बहुधा स्वच्छच असते, तिथे काही न लावलं तरी चालतं. ही उघडी राहिलेली त्वचाच बाकीच्या थराला खरेपणा देते.

मुरूम आलं असेल तर फोडायचं नाही. रात्री हायड्रोकोलॉइड पॅच (मुरमातला द्रव शोषणारी चिकटपट्टी) लावून झोपायचं. सकाळी उरलेला लालपणा बारीक ब्रशने टेकवलेल्या कन्सीलरने झाकायचा. मिनिटभर तसाच ठेवून किंचित चिकट झाला की फक्त कडा दाबायच्या, मधल्या भागाला हात लावायचा नाही. एक मात्र मान्य करावं लागतं: रंग लपतो, उंचवटा लपत नाही, कारण उंचवट्याची सावली पडते. कलत्या उन्हात ती जास्तच दिसते. कन्सीलरचा ढीग केला की उंचवटा वाढतो, एवढंच.

ब्लश क्रीमचा असेल तर पावडरच्या आधी. उलट केलं तर पावडर खरवडून डाग पडतात. गालावरची लाली ही हिमोग्लोबिनची नक्कल. ते हिरवा-पिवळा उजेड शोषतं, म्हणून लाली दिसते. सावळ्या गालावर बेबी पिंक ब्लश खडूसारखा दिसतो, कारण त्यात पुन्हा तोच पांढरा टायटॅनियम असतो. विटेचा, डाळिंबाचा, जांभळट लाल रंग घ्यावा. डबीत तो भडक वाटतो, गालावर बोटभर विरवला की आतून आल्यासारखा दिसतो.

आता फ्लॅश. नामांकित तारकांचे नाकाखाली आणि डोळ्यांखाली पांढरे पट्टे पडलेले फोटो अनेकांनी पाहिले असतील. दोषी असते ती ‘एचडी’ म्हणून विकली जाणारी सिलिकाची बारीक पावडर. सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४६. चेहऱ्याच्या तेलाचाही जवळपास तेवढाच, म्हणून तेलात भिजलेला कण दिसेनासा होतो. पण जास्त झालेली पावडर कोरडीच राहते, आणि हवेच्या सान्निध्यात प्रत्येक कण उजेड उधळतो. खोलीतला उजेड चहूकडून येतो म्हणून ते जाणवत नाही. फ्लॅश मात्र भिंगाला लागूनच असतो. त्याचा उजेड कणांवर आपटून थेट भिंगात परततो. झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियमचं सनस्क्रीनही हेच करतं, म्हणून त्या दिवसापुरतं अतिनील किरण शोषणारं, रंगहीन सनस्क्रीन बरं. सेटिंग पावडर घ्यावी ती त्वचेच्या रंगाची, आणि लावावी फक्त कपाळाचा मध्य, नाकाच्या कडा आणि हनुवटी इथे. पावडरचा जाड थर दहा मिनिटं ठेवून झटकायचा प्रकार, ज्याला ‘बेकिंग’ म्हणतात, तो या लुकमध्ये बसत नाही.

परीक्षा घरीच घेता येते. खोलीत अंधार करायचा, दुसऱ्या कुणाला तरी एक मीटरवरून फ्लॅश टाकून फोटो काढायला सांगायचा. पांढरं काही दिसलंच तर सेटिंग स्प्रे २०-२५ सेंटिमीटरवरून मारायचा. तो कोरडे कण भिजवून त्वचेशी चिकटवतो. जवळून मारला तर थेंब पडून ठिपके उमटतात.

हायलायटरचं तत्त्व याच्या उलट. अभ्रकाच्या चपट्या पापुद्र्यांवर टायटॅनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि ते आरशासारखे चमकतात. मोठे कण फ्लॅशमध्ये घामाच्या थेंबांसारखे दिसतात. गालफडावर बोटाने लिपबामचा हलका हात फिरवला तरी तीच चमक मिळते आणि जास्त खरी वाटते.

तिसरा उजेड सर्वांत लबाड. अंधुक जागी डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याकडून ५०७ च्या निळसर हिरव्याकडे सरकते. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. लाल रंग काळवंडतात. त्यात डीजेचा दिवा निळा असेल तर लाल लिपस्टिकला परत पाठवायला लाल उजेडच मिळत नाही आणि ती काळीच दिसते. मग मेकअप हॉलच्या हिशेबाने करायचा का? आमच्या मते नाही. हॉलमध्ये कुणी ब्लश निरखत नाही, आणि फोटो मात्र पुढची वीस वर्षं भिंतीवर असतात. अंधारात फक्त दोन गोष्टी उरतात: कॉन्ट्रास्ट आणि चकाकी. डोळे आणि ओठ यांचा भोवतालच्या त्वचेशी असलेला फरक मेकअपमुळे वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी २००९ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून पापण्यांची मुळं नीट गडद करायची, आणि हॉलमध्ये शिरताना ओठांवर ग्लॉस फिरवायचा.

डोळ्यांसाठी काळ्यापेक्षा गडद तपकिरी पेन्सिल, वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांमध्ये टेकवत टेकवत. काजळ खालच्या कडेला भरलं की तासाभरात पसरतं. पापण्यांच्या कडेतून पाझरणारं तेल मेणाला विरघळवतं. भारतातून आलेला सुरमा तर वापरूच नये. पारंपरिक सुरम्यात शिशाचं संयुग असू शकतं, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सौंदर्यप्रसाधनांत त्याला परवानगी दिलेली नाही. मस्कारा दोनच हात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर सगळ्याच्या आधी घालायच्या. भुवयांना फक्त मोकळ्या जागा भरायच्या.

ओठांना पेन्सिल सगळीकडे भरून टिश्यूने टिपायची, मग वर बाम. जेवताना बाम जातो, रंग बराचसा राहतो.

पर्समध्ये चार-पाच ब्लॉटिंग पेपर, ग्लॉस आणि दोन कापूसकाड्या. चेहरा तेलकट झाला की आधी टिपायचं, मगच लागली तर पावडर. तेलावर थेट पावडर पडली की तिची लापशी होते आणि ती नाकाच्या कडेला गोळा होऊन बसते. ब्लॉटिंग पेपर संपले तर टिश्यूचे पदर सुटे करून एकेरी वापरावा.

रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप उतरवायचाच. वॉटरप्रूफ मस्काऱ्यावर तेलाचा क्लीन्झर लावलेला कापूस अर्धा मिनिट नुसता ठेवायचा, मग खाली ओढायचा. चोळलं तर पापण्यांचे केस तुटतात. ट्यूबिंग मस्कारा (पापण्यांच्या केसांभोवती नळ्या बनवणारा) असेल तर तेलाची गरज नाही, कोमट पाण्याने त्याच्या नळ्या सबंध सुटून येतात. चेहऱ्याला आधी बाम किंवा तेल, मग साधं फेसवॉश. अ‍ॅडापलीन त्या रात्री राहू द्यावं. इतक्या वेळा पुसलेल्या कातडीवर ते झोंबतं.