भरतीची वेळ आणि पाणी थांबण्याची वेळ: एल्फिन कोव्हच्या वाटेवरचे दोन तक्ते

अलास्काच्या आग्नेय भागात, चिचागॉफ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एल्फिन कोव्ह नावाचं टीचभर गाव आहे. तिथे रस्ते नाहीत, घरं लाकडी फळ्यांच्या वाटांनी जोडलेली आहेत. बाहेरून यायचं तर बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. अलास्काची राजधानी जूनो इथून स्वतःची बोट घेऊन निघालेला माणूस आइसी सामुद्रधुनीतून पश्चिमेकडे जातो, इनियन बेटांजवळची चिंचोळी वाट पार करतो आणि गावात शिरतो. या वाटेवर नवखे लोक दोन वेळांची सर्रास गल्लत करतात. भरती पूर्ण होण्याची वेळ म्हणजेच प्रवाह थांबण्याची वेळ, असं ते धरून चालतात.

पाण्याची उंची ही एक गोष्ट, पाण्याची चाल ही दुसरी. म्हणूनच अमेरिकेची सागरी संस्था नोआ दोन्हींचे अंदाज वेगवेगळे देते. भरती-ओहोटीचा तक्ता सांगतो की पाणी किती चढेल किंवा उतरेल. प्रवाहाचा तक्ता सांगतो की ते कुठल्या दिशेने, किती नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वाहील आणि कधी थांबेल.

उंचीचं काम नांगर टाकताना पडतं. जूनोला भरती-ओहोटीतला सरासरी फरक ४ मीटरच्या वर आहे. उधाणाच्या दिवसांत तो ६ मीटरही ओलांडतो. समजा, ओहोटीला ६ मीटर पाणी आहे आणि बोटीचं नाक पाण्यापासून दीड मीटर वर आहे. या दोन्हींच्या बेरजेच्या पाचपट साखळी सोडायची म्हटली तर साडेसदतीस मीटर पुरेशी वाटते. पण पाणी ५ मीटर चढलं की हिशेब साडेबारा मीटरचा होतो आणि साखळी लागते साडेबासष्ट मीटर. भरतीचा आकडा न पाहता झोपलेल्याचा नांगर मध्यरात्री सुटू शकतो. शिवाय इथे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे सकाळचा आकडा रात्री गृहीत धरू नये.

प्रवाहाचं गणित मात्र निराळं आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. अरुंद तोंडाच्या खाडीचा विचार करा. बाहेर भरती पूर्ण झाली, तरी तोंड चिंचोळं असल्याने आत पुरेसं पाणी पोचलेलं नसतं. आतली पातळी अजून खालीच असते. म्हणून पाणी आत घुसतच राहतं. बाहेरची पातळी उतरत येऊन आतल्या पातळीशी जुळते, तेव्हा प्रवाह थांबतो आणि मग उलटतो. म्हणजे पाणी थांबतं ते बाहेरच्या भरतीनंतर. किती नंतर, हे त्या जागेच्या आकारावर अवलंबून. एका खाडीचा अंदाज दुसरीला लावता येत नाही.

जूनोच्या दक्षिणेला फोर्ड्स टेरर नावाची खाडी आहे. १८८९ मध्ये फोर्ड नावाचा खलाशी पाणी शांत असताना छोटी होडी वल्हवत आत गेला. प्रवाह सुरू झाला आणि खवळलेल्या पाण्यामुळे तो सहा तास अडकून पडला. खाडीचं नाव त्याच्या त्या भीतीवरून पडलं.

दोन्ही टोकांनी खुल्या, लांबलचक सामुद्रधुनीची गोष्ट आणखी वेगळी. अलास्कातल्याच पीटर्सबर्ग गावाजवळच्या रँगल नॅरोजमध्ये भरती दोन्ही टोकांकडून आत येते आणि मध्ये कुठेतरी एकमेकींना भिडते. जाणकार नावाडी चढत्या पाण्याबरोबर आत शिरतात आणि उतरत्या पाण्याबरोबर दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. दोन्ही वेळा प्रवाह त्यांच्या पाठीशी असतो. मला हे नियोजन फार सुंदर वाटतं.

उलट प्रवाहाची किंमत मोठी असते. बोट ६ नॉटने चालते आणि समोरून ४ नॉटचा प्रवाह आहे, तर जमिनीच्या हिशेबाने ती जेमतेम २ नॉटने सरकते. इंधन मात्र तेवढंच जळतं. एल्फिन कोव्हच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. ओहोटीचं पाणी आइसी सामुद्रधुनीतून पश्चिमेकडे, क्रॉस साउंडमार्गे महासागरात जातं. जाताना ते पाठीशी असल्याने बोट पळते, पण समोरून महासागराची मोठी लाट येत असेल तर वाहत्या पाण्यावर ती उभी, आखूड आणि फार वाईट होते. अशा दिवशी वेग मिळतोय म्हणून ओहोटी धरू नका. पाणी थांबण्याच्या सुमारास इनियन बेटांजवळची वाट पार करा, मग दोन तास उशीर झाला तरी चालेल.

गावाच्या आतल्या धक्क्याकडे जाणारी वाट अरुंद आणि उथळ आहे, म्हणून तिथे पुन्हा उंचीचा तक्ता लागतो. बोटीचा तळ खोल असेल तर पाणी चढलेलं असताना आत जावं. दोन्ही वेळा जुळत नसतील, तर आधी बेटांजवळच्या प्रवाहाची वेळ पक्की करा आणि आतल्या वाटेसाठी बाहेरच्या धक्क्यावर थांबून पाणी चढण्याची वाट पाहा.